मला बघून पत्ते पिसायचे

सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या तेव्हा मला न्यू जर्सीत येऊन वर्ष होऊन गेलं होतं. त्याआधी मी सांगलीच्या एका कॉलेजात सात वर्षं संख्याशास्त्र शिकवत होते. लग्न उशिरा झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे मी इकडे आले. माझ्या पासपोर्टवर जो व्हिसा होता त्याचा अर्थ थोडक्यात असा होता, की मी या देशात राहू शकते, शिकू शकते, गाडी चालवू शकते, पण काम करू शकत नाही. वेस्ट विंडसरमधल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये अशा आम्ही बऱ्याच जणी होतो. एक इंजिनिअर, एक दातांची डॉक्टर, एक चार्टर्ड अकाउंटंट. दुपारी भेटलो की थंडीत इडलीचं पीठ कसं फुगवायचं यावर बोलायचो.

नवरा सकाळी स्टेशनवर गाडी लावून सातच्या ट्रेनने न्यूयॉर्कला जायचा, तो संध्याकाळी साडेसातला उगवायचा. दिवसभर गाडी स्टेशनवर आणि आम्ही दोघी घरात. सासूबाई पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. तेहतीस वर्षं नोकरी केलेली बाई, रिकामं बसणं त्यांना माहीतच नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझी सगळी कपाटं लावून टाकली, दुसऱ्या आठवड्यात शेजारणीची. तिसऱ्या आठवड्यात गॅलरीत उभ्या राहून समोरच्या रिकाम्या पार्किंगकडे बघत म्हणाल्या, "अगं, इथे माणसं कुठे असतात?"

माणसं त्यांनीच शोधली. सकाळी फिरायला येणाऱ्या एका गुजराती काकांनी त्यांना सांगितलं, की दर बुधवारी जवळच्या शॉपिंग सेंटरमधून अटलांटिक सिटीला बस जाते. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. तिकीट काढायचं, आणि तिथे उतरल्यावर कॅसिनोवाले जवळजवळ तेवढ्याच पैशांचं कूपन हातावर ठेवतात. सासूबाईंना कॅसिनो म्हणजे काय याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना समुद्र बघायचा होता. नवरा म्हणाला, जा की, आईला बरं वाटेल.

पहिल्या बुधवारी आम्ही समुद्र पाहिला. सप्टेंबर होता, पण वारा असा की पदर धरून ठेवावा लागत होता. वीस मिनिटांत आम्ही आत शिरलो. आत ना घड्याळ, ना खिडकी. सासूबाईंनी कूपन देऊन नाणी घेतली, प्लास्टिकच्या पेल्यात भरली आणि एका मशीनसमोर बैठक मारली. मला त्या मशीनमध्ये काही रस वाटेना. मी हिंडत राहिले आणि एका टेबलामागे जाऊन उभी राहिले.

तिथे ब्लॅकजॅक चालला होता. खेळ सोपा आहे. तुमच्या पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर जाऊ द्यायची नाही, आणि कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्या डीलरपेक्षा जास्त ठेवायची. आठ कॅट एकत्र पिसून एका लांबट डब्यात भरलेले होते आणि डीलर त्यातून एकेक पत्ता ओढून वाटत होती. पंधरा-वीस मिनिटं बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, की वापरलेले पत्ते उजवीकडच्या ट्रेमध्ये जातात आणि बराच वेळ परत येत नाहीत. पुन्हा पिसेपर्यंत डब्यात राहतात ते फक्त उरलेले पत्ते.

सात वर्षं मी एस.वाय.च्या मुलांना हे गणित घालत होते. बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून दोन पत्ते परत न ठेवता काढले, तर. 'परत न ठेवता' या शब्दांखाली मी फळ्यावर दोनदा रेघ मारायचे. आणि इथे माणसं पैसे लावून तेच करत होती, आणि गेलेल्या पत्त्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं समजतेय. हे इतकं उघड असेल तर यांचं दुकान चालतं कसं?

मी लायब्ररीतून पुस्तक आणलं. माझ्या आधी कितीतरी लोकांनी हा विचार केलेला होता आणि त्याची सोपी रीतही काढलेली होती. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा लहान पत्ता गेला की एक मिळवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा किंवा एक्का गेला की एक वजा करायचा. मधले सोडून द्यायचे. बेरीज वाढत गेली म्हणजे लहान पत्ते संपत आले, मोठे आत उरलेत, आणि ते खेळणाऱ्याच्या बाजूने. त्या बेरजेला आत किती कॅट उरलेत त्याने भागायचं आणि त्या प्रमाणात पैसे कमी-जास्त लावायचे. फायदा अगदी थोडा, शंभराला एखादा. तोही आज मिळेल असं नाही. एखाद्या दिवशी सगळं बरोबर करूनही हराल, असं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं.

मग आमच्या जेवणाच्या टेबलावर सराव सुरू झाला. सासूबाई पत्ते वाटायच्या, मी मोजायचे. त्यांचे हात विलक्षण चपळ होते. एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसून कमावलेले. कॅट संपला की मी आकडा सांगायचा. तो शून्य यायला हवा, कारण पुऱ्या कॅटमध्ये जितके मिळवायचे तितकेच वजा करायचे पत्ते असतात. सुरुवातीला तीन यायचे, मग वजा दोन, मग शून्य. शून्य आलं की सासूबाई "हं" म्हणायच्या आणि पुन्हा पिसायला घ्यायच्या. मुद्दाम मध्येच बोलायच्या. भाजी काय करायची, तुझ्या आईचा फोन आला होता का. मी उत्तर द्यायचं आणि आकडा सांडू द्यायचा नाही.

एकदा त्या वाटता वाटता थांबल्या. "ही लबाडी नाही ना गं?"

मी सांगितलं, की नाही. पत्त्यांना खूण करत नाही, कुणाचे बघत नाही. समोर जे दिसतं ते फक्त लक्षात ठेवते.

"मग त्यांना सांगून का नाही खेळत?"

मी म्हटलं, वाटा ना आई.

पुढचे दहा-बारा बुधवार आम्ही गेलो. मी सकाळी, दर डावाला निदान पाच डॉलर लावावे लागतात अशा टेबलावर बसायचे. कधी थोडं जिंकायचे, कधी हरायचे, बहुतेकदा जेवढ्यास तेवढं. पैशांचं मला खरंच फारसं वाटत नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचे. पण बुधवारी सकाळी मी जी साडी निवडायचे ती कॉलेजच्या साड्यांपैकी असायची, आणि बसमध्ये बसले की वर्गात शिरण्याआधी उजळणी करावी तशी मी मनात आकडे घोळवायचे. एवढंच सांगू शकते.

टेबलावर बहुतेक वेळा एकच डीलर असायची, पंचेचाळिशीची एक गुजराती बाई. आमच्याकडे बघून ओळखीचं हसायची, पण डीलरना टेबलावर इंग्रजीशिवाय बोलायला बंदी होती, त्यामुळे गुड मॉर्निंग आणि गुड लक एवढंच. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त अमेरिकन आजोबा असायचे, टोपी घालणारे. ते मला दर आठवड्याला हवामान सांगायचे. मला ती जागा आवडायला लागली होती, हे कबूल करायला हवं.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी मी पाचावरून तीस डॉलरवर गेले, कारण आकडा चांगला होता. डीलरने माझ्या चिप्सकडे, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांकडे, पाहिलं, थांबली, आणि डब्यात निम्म्याहून जास्त पत्ते शिल्लक असताना ते सगळे बाहेर काढून पिसायला घेतले. मला वाटलं, काही बिघडलं असेल. पिसून झाल्यावर मी पाचावर आले. खेळ पुढे चालू झाला. अर्ध्या तासाने आकडा पुन्हा वर गेला, मी पंचवीस ठेवले, आणि तिने पुन्हा पिसले. पाठीमागे सुटातला एक माणूस उभा होता. तो कधी आला मला कळलं नव्हतं. कोपऱ्यातल्या फोनवर तो काहीतरी बोलला आणि वर छताकडे बघितलं. छताला काळ्या काचेचे घुमट होते. इतके आठवडे मी ते दिवे समजत होते.

तिसऱ्या वेळी टोपीवाले आजोबा वैतागले. सारखं काय पिसताय, असं डीलरला म्हणाले. डीलर पिसत राहिली. आजोबांनी सुटातल्या माणसाकडे बघितलं, त्याच्या नजरेमागे जाऊन माझ्याकडे बघितलं, चिप्स गोळा केल्या आणि उठून दुसऱ्या टेबलावर गेले. त्यांच्यामागून बाकीचे दोघेही गेले. टेबलावर मी एकटी उरले.

मग तो सुटातला माणूस पुढे आला. मला मॅडम म्हणाला, दिवस कसा चाललाय विचारलं, आणि सांगितलं, की आजपासून मला दर हाताला, म्हणजे दर डावाला, पाचच डॉलर लावता येतील. जास्त नाही. इतरांना ही अट नाही, फक्त मला. मी विचारलं, माझं काही चुकलं का? तो म्हणाला, मुळीच नाही. मी काही नियम मोडला का? नाही. मग मी जाऊ का? तो म्हणाला, छे, हवं तेवढा वेळ बसा, कॉफी मागवू का?

"मग असं का?" मी विचारलं.

"तुम्ही फार छान खेळता," तो म्हणाला.

मी बसून राहिले. उठले तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, असं काहीतरी वाटत होतं. डीलर प्रत्येक हातानंतर सगळे आठ कॅट काढून पिसत होती. पिसायला तीन-चार मिनिटं, खेळायला अर्धं मिनिट. असे पाच-सहा हात झाले. तिचे हात दुखत असणार. शेवटी सासूबाई नाण्यांचा पेला घेऊन आल्या, रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं आणि मराठीत विचारलं, सगळे कुठे गेले? मी म्हटलं, माहीत नाही आई. ते खोटं नव्हतं.

मी बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारत होते तेव्हा ती डीलर आत आली. तिची सुट्टीची वेळ झाली असावी. नळ सोडून ती हिंदीत, अगदी हळू म्हणाली, "मैंने ही बताया था."

मला आधी कळेचना काय ते. मग तिने भराभर सगळं सांगितलं. कुणी पत्ते मोजतंय असं वाटलं तर सुपरवायझरला सांगणं हे तिचं काम होतं. तिने नाही सांगितलं आणि वरच्या कॅमेऱ्यावाल्यांना आधी दिसलं, तर तिला विचारतात, की तुझ्यासमोर बसून मोजत होती, तुला कसं दिसलं नाही? आणि दोघी इंडियन, म्हणजे संगनमत असेल असंही वाटायचं. लक्षात आल्यावरही तिने तीन आठवडे सांगितलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात सांगितलं.

मी विचारलं, हा गुन्हा आहे का? ती म्हणाली, नाही. दुसरीकडे कुठे असतात तर बाहेर काढलं असतं, पुन्हा पाऊल टाकू नका म्हणून सांगितलं असतं. या राज्यात कोर्टाने सांगितलंय, की डोकं वापरतो म्हणून कुणाला हाकलता येणार नाही. म्हणून इथे हाकलत नाहीत, पिसत बसतात. कंटाळून माणूस आपोआप जातो.

मग तिने विचारलं, की तुम्ही शाळेत शिकवायचात का? मी म्हटलं, कॉलेजात, पण कसं ओळखलंत? ती म्हणाली, बाकीचे मोजताना ओठ हलवतात, तुमचे हलत नाहीत. पण मोठी रक्कम ठेवण्याआधी तुम्ही हातातली बांगडी कोपराकडे सारता, फळ्यावर लिहायला जावं तशी. तिच्या शाळेतल्या बाई तसंच करायच्या.

"बुरा मत मानना," ती म्हणाली आणि हात पुसून गेली.

बसमध्ये मी खिडकीशी बसले. या बाईवर रागवायचं की तिचे आभार मानायचे? तीन आठवडे तिने मला सांभाळलं होतं, आणि मला कळलंही नव्हतं. मी मजा म्हणून जे करत होते त्यात तिची नोकरी जाऊ शकत होती. पण मी तर काही केलंच नव्हतं. मी फक्त लक्ष देत होते. लक्ष देणाऱ्याला शिक्षा, आणि न देणाऱ्याला कॅसिनोकडून फुकट जेवण. हे बरोबर की चूक, ते मला ठरवता येईना. शिवाय एक गोष्ट मी सासूबाईंनाही सांगितली नाही. 'तुम्ही फार छान खेळता' हे तो माणूस म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं होतं.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. आम्ही दोघी मशीन खेळतो, समुद्र बघतो, जेवतो, असं तो समजत होता. तो चिडला नाही. चिडला असता तर सोपं गेलं असतं. त्याने ताट बाजूला केलं आणि विचारलं, "तुझं नाव आहे का त्यांच्याकडे?"

होतं. सुरुवातीलाच त्यांनी मेंबर कार्ड दिलं होतं, त्यासाठी मी पासपोर्ट दाखवला होता, पत्ता दिला होता. नवऱ्याचा चेहरा उतरला. आमची ग्रीन कार्डची फाइल नुकतीच सुरू झाली होती. त्याच्या ऑफिसात मागच्या दोन वर्षांत अर्धी माणसं कमी केली होती. तो म्हणाला, "यार, तुला काम करायची परवानगी नाही. हे काम धरलं तर?"

मी म्हटलं, पत्ते खेळणं हे काम कसं असेल? तो म्हणाला, तू पुस्तक वाचून, सराव करून, दर आठवड्याला जाऊन, पैसे मिळवायला खेळतेस. मला सांग, काम याहून वेगळं काय असतं?

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातून वकिलाला फोन केला. मित्राच्या बायकोचं म्हणून विचारलं. वकील म्हणाले, सहज खेळायला हरकत नाही. पण कुणी ते नियमितपणे, उत्पन्नासाठी करत असेल, तर प्रश्न येऊ शकतो. येईलच असं नाही. नियमित म्हणजे किती, हे नवऱ्याने विचारलं. वकील म्हणाले, ते सांगता येणार नाही.

"दर बुधवारी म्हणजे नियमितच की," सासूबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या.

मला हसू आलं आणि नवरा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला कसं सांगणार? या देशात आल्यापासून मी काम करते असा संशय पहिल्यांदाच कुणाला आला होता. मला भीती वाटत होती, रात्री जाग येत होती, आणि तरी त्या संशयात कुठेतरी मान होता. आणि खेळून मिळवलेलं म्हणाल, तर तीन महिन्यांत एक बऱ्यापैकी कोट येईल इतकंच. एवढ्यासाठी मी आमचं सगळं पणाला लावलं होतं का? की काहीच लावलं नव्हतं? वकिलाला माहीत नव्हतं, तर मला कुठून असणार?

मी जाणं बंद केलं. सासूबाईंना ते पटलं नाही. तुला कुणी बाहेर काढलं नाही ना, मग आपण का घाबरायचं, असं त्या चार-पाचदा म्हणाल्या. त्यांची परतायची तारीख जवळ आली तेव्हा त्यांनी नवऱ्याला सांगितलं, की मला जाण्याआधी एकदा समुद्र बघायचाय. तो काय म्हणणार होता?

डिसेंबरातल्या त्या बुधवारी समुद्रावर कुणी नव्हतं. आत गेल्यावर सासूबाई मशीनकडे वळल्याच नाहीत. सरळ पाच डॉलरच्या टेबलावर जाऊन बसल्या आणि शेजारच्या खुर्चीवर थाप मारून मला बोलावलं. मी दबकत बसले. डीलर दुसरा होता, एक तरुण मुलगा. पाच मिनिटांत सुटातला माणूस आला, माझ्याकडे बघून हसून मान डोलावली, डीलरच्या कानात काहीतरी सांगितलं. माझी अट कायम होती. सासूबाईंना अट नव्हती.

त्या मनाला येईल तसं खेळत होत्या. अठरा झालेले असताना पत्ता मागायच्या. डीलर दोनदा खात्री करून घ्यायचा, मग द्यायचा. त्यांना तिर्री यायची आणि एकवीस व्हायचे. टेबलावरची माणसं टाळ्या वाजवायची. त्यांनी कधी पाच लावले, कधी वीस. कुणी पिसायला घेतलं नाही.

मी पाचाच्या चिप्स सारत बसले होते. मोजायचं नाही असं ठरवून आले होते, पण ते काही माझ्या हातात नव्हतं. पत्ता दिसला की आकडा आपसूक हलायचा. बराच वेळ लहान पत्ते पडत राहिले. आकडा इतका वर गेला, की तितका मी घरीही कधी पाहिला नव्हता. माझा हात बांगडीकडे गेला आणि मी तो मांडीखाली दाबून धरला.

सासूबाईंनी माझ्याकडे न बघता मराठीत विचारलं, "किती?"

मला नवऱ्याचा चेहरा आठवला, बाथरूममधली ती बाई आठवली. सांगितलं तर ती लबाडी होईल का, हेही मला कळेना. मी काहीच चोरत नव्हते. सासूला मराठीत एक आकडा सांगायचा होता.

"लावा," मी म्हटलं.

त्यांनी समोरच्या सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. दीडशे डॉलरच्या आसपास असतील. त्यांना दोन राण्या आल्या, वीस. डीलरसमोर छक्की उघडी होती. आपल्याकडे वीस आणि डीलरकडे असा वाईट पत्ता, याहून चांगलं क्वचितच घडतं. त्याने खालचा पत्ता उलटला, पंजी. अकरा. मग डब्यातून एक ओढला. दश्शी. एकवीस.

टेबलावरचे सगळे हळहळले. सासूबाई चिप्स गेल्या त्या जागेकडे बघत राहिल्या. मी त्यांना घाईघाईने सांगायला लागले, की आई, असं होतं, एका हाताने काही सिद्ध होत नाही, हजारो हात खेळल्यावर मग.

"मला लावायला हात एकच मिळाला होता," त्या म्हणाल्या. रागाने नाही, माहिती दिल्यासारखं.

आम्ही उठलो तेव्हा सुटातल्या माणसाने त्यांना जेवणाची दोन कूपनं दिली, वर पुन्हा या म्हणून सांगितलं. मला काही दिलं नाही. आम्ही त्या कूपनांवर जेवलो. सासूबाईंनी कोळंबी चाखून बघितली, बरी आहे म्हणाल्या. पैसे मी परत करते म्हटलं तर त्यांनी हात झटकला. बसमध्ये त्या झोपल्या. नवऱ्याला त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. मला त्याने विचारलं नाही, आणि मी बोलले नाही.

जानेवारीत त्या पुण्याला गेल्या. मी पुन्हा कधी त्या बसमध्ये बसले नाही. कॅसिनोची पत्रं मात्र येत राहिली. वाढदिवसाला फुकट खोली, दोघांचं जेवण, तुमची आठवण येते असं छापलेलं. मी एकदा फोन करून विचारलं, की माझ्यावरची अट अजून आहे का? पलीकडच्या मुलीला कोणती अट ते कळेना. माझ्या नावापुढे तसं काही दिसत नाही, असं ती म्हणाली. मग ते कुठे लिहिलेलं होतं, की कुठे लिहिलेलंच नव्हतं?

चार वर्षांनी, ग्रीन कार्डसाठी रांगेत असलेल्या सगळ्यांचे अर्ज एकदम घेतले गेले त्या उन्हाळ्यानंतर, मला काम करायचा परवाना मिळाला. कॅसिनोबद्दल कुणीही, कधीही काही विचारलं नाही. एका औषध कंपनीत आकडेवारीच्या कामासाठी मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझा बायोडेटा चाळला, सांगलीची सात वर्षं बघितली, आणि त्यापुढच्या रिकाम्या पाच वर्षांवर पेन ठेवून विचारलं, की या काळात काय करत होतात?

मला सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "घरी होते."

त्यांनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. नोकरी मिळाली. शनिवारी पुण्याला फोन केला तेव्हा सासूबाईंनी पगार, अंतर, डबा सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "पत्त्यांचं सांगितलंस का त्यांना?"

मी म्हटलं, नाही.

"का?"

लाज वाटली म्हणून, की घाबरले म्हणून, की आपलं एवढंसं काहीतरी आपल्याजवळच ठेवावंसं वाटलं म्हणून, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मग म्हणाल्या, की बरं, थंडी वाढली असेल, मोजे घालून जात जा, आणि फोन माझ्या नवऱ्याकडे द्यायला सांगितला.